बिनफुलाचा वाटाणा

ओरिसिया बोइचुक हरितगृहात शिरली तेव्हा तिचा सहकारी गार्थ डिक उपटलेली रोपं पालापाचोळा दळायच्या चक्कीत ढकलत होता. बाहेर कॅनडातल्या सस्कॅचवानची हाडं गोठवणारी थंडी, आत लख्ख दिवे, आणि चक्कीतून भसाभसा उडणारा हिरवा चोथा.

"अरे, कुठली रोपं उपटलीस?"

"तुझीच. चिठ्ठीवर 'बिनफुलाचा' लिहिलंय आणि बहुतेक रोपं फुललेली! सगळी भेसळ काढून टाकली. आभार मान."

गार्थची हयात बियाण्याच्या शेतात गेलेली. ओळीत वेगळं दिसलं की उपटायचं, हातालाच सवय ती. पण जो वाटाणा फुलतच नाही, त्याला बी कुठून धरणार? त्याची फुलणारी भावंडंच तो दोष पोटात घेऊन त्याचा वंश चालवत होती. साठवणीतलं बी उंदरांनी आधीच फस्त केलेलं. आता भावंडंही गेली, कोवळ्या शेंगांसकट.

"मेल्या, वंश बुडवलास!" ओरिसिया चक्कीत हात घालायला धावली. गार्थने तिला कंबरेला धरून मागे खेचलं. तिने पाण्याची लोखंडी नळी उचलली आणि सणकन त्याच्या तोंडावर हाणली. नाकाचं हाड मोडलेलं तिला चक्कीच्या आवाजातही ऐकू आलं.

"वेड लागलंय का तुला? बोटं गेली असती!"

दुसरा फटका खांद्यावर बसला. मग त्याचंही डोकं फिरलं. त्याने तिचे केस धरून तिला फळीवर आपटलं. कुंड्या फुटल्या, दोघं मातीत लोळले. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली, त्याने तिच्या बरगडीत गुडघा घातला. पन्नाशी उलटलेली, शिकलीसवरलेली माणसं, लाज म्हणून नाही! थांबले ते दम संपला म्हणून.

तेव्हा कुठे तिने खाली पाहिलं. फळीवरच्या कुंड्यांत उरलेली बिनफुलाची रोपं त्या दोघांच्याच अंगाखाली चेचली गेली होती. एक शेंडा तेवढा वाचला होता, तोही देठात मोडून लोंबणारा. ओरिसियाला हुंदका आवरेना.

"आता काय करू रे मी?"

गार्थ रक्त थुंकला. "कलम कर."

"कशावर?"

त्याने पलीकडच्या फळीकडे बोट केलं. तिथे त्याची स्वतःची, जिवापाड जपलेली वाटाण्याची रोपं होती.

"तुझ्या?"

"काप म्हणतो ना! खालची पानं ठेव मात्र. फुलायचा सांगावा पानांतूनच वर जातो."

तिने त्याच्या सगळ्यात जोमदार रोपाची मुंडी उडवली, खोडाला चीर दिली, शेंडा तासून आत बसवला. त्याने रक्ताळलेल्या बोटांनी सांधा धरला, तिने दोरा गुंडाळला.

कलम जगलं. काही आठवड्यांनी त्या शेंड्यावर जांभळं फूल उमललं. गार्थ वाकडं नाक घेऊन बघायला आला. चिठ्ठी जुनीच होती, 'बिनफुलाचा'. त्याने ती वाचली, फुलाकडे पाहिलं आणि त्याचा हात सवयीने पुढे गेला.

ओरिसियाने नळी उचलली.

"नको गं बाई!" त्याने दोन्ही हात खिशात कोंबले. "शेंग धरेपर्यंत बाहेर काढत नाही."