चादरीची दोन टोकं

मला सुपरवायझर केलं त्याच दिवशी मी वाचनालयाचं कार्ड काढलं. मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं, "महिनाभर बघतो. नाही जमलं तर परत ओल्या बाजूला."

आमच्या लॉन्ड्रीला दोन बाजू आहेत. ओल्या बाजूला मशिनी, साबण आणि चार वर्षं मी. कोरड्या बाजूला इस्त्रीचे रोलर, घडी घालणाऱ्या तीन जोड्या आणि माणसाच्या अंगावर कोरडे कपडे. मला कोरडंच राहायचं होतं.

म्हणून पहिल्याच आठवड्यात नेतृत्वावरची पाच पुस्तकं वाचून काढली. आई म्हणाली, "शाळेत एवढं वाचलं असतंस तर आज तूच मालक असतास." मी पाचवं पुस्तक मिटलं नाही.

पहिल्या पुस्तकात होतं, उत्तरं देऊ नका, प्रश्न विचारा. दुसऱ्या दिवशी रोलरमध्ये चादर अडकली आणि धूर यायला लागला. मी शांतपणे विचारलं, "काकू, तुम्हाला काय वाटतं?"

काकू म्हणजे घडीच्या टेबलावरच्या सगळ्यात जुन्या. त्या म्हणाल्या, "मला वाटतं, साहेब, बटण तुमच्या पाठीमागे आहे."

तिसऱ्या पुस्तकात होतं, जुन्या जोड्या फोडा, नवा उत्साह येतो. काकू आणि त्यांचा जोडीदार लंबू नऊ वर्षं एकत्र घडी घालत होते आणि त्यातली सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय, ते दोघांनाही आठवत नव्हतं, पण माघार घ्यायची नाही हे पक्कं होतं. मला वाटलं, ही तर सोन्यासारखी संधी. तिन्ही जोड्या फोडल्या.

उत्साह आला. चादरींना पीळही आला. घडी घालताना काकू डावा हात वर घेतात आणि लंबू उजवा. समोरासमोर उभं राहिलं की ते दोन्ही हात एकाच बाजूला येतात. सगळ्या जोड्या अशाच जुळलेल्या होत्या. मी दोन उजवे समोरासमोर उभे केले होते. ओल्या बाजूच्या माणसाला हे कुठून कळणार?

हॉस्पिटलने दीडशे चादरी परत पाठवल्या. सोबत चिठ्ठी: 'या दोरखंडांचं काय करायचं?'

मालक म्हणाले, "शनिवारी सहाशे चादरी जायच्यात. यातली एक जरी परत आली तर तुझे गमबूट अजून ओल्या बाजूलाच आहेत."

घरी येऊन पाचही पुस्तकं पुन्हा चाळली. 'चादर' हा शब्द कुठेच नव्हता. पाचव्यात मात्र एक ओळ होती: जे काम करून घ्यायचं, ते आधी स्वतः करून बघा. तिच्यावरून मी दोन वेळा पान उलटून गेलो होतो.

सकाळी सगळ्यांसमोर म्हणालो, "चूक माझी. जुन्या जोड्या परत. आणि काकू, मला घडी शिकवा."

"पुस्तकात नाही का?"

"चादरीला दोन टोकं असतात एवढंसुद्धा नाही."

काकूंनी पदर खोचला. "आधी त्याला सांग, मी तयार आहे."

"काकू, तो इथेच उभा आहे."

"मग ऐकलं असेल."

लंबू छताकडे बघून म्हणाला, "ऐकलं म्हणून सांग."

मी सांगितलं. त्या आठवड्यात मी निरोप्या, हमाल आणि विद्यार्थी असं सगळं झालो. रोज काम सुटल्यावर तासभर काकू एक टोक धरायच्या, मी दुसरं. आधी झटका, मग कोपऱ्याला कोपरा, मग चालत पुढे. मी चालताना तीनदा चादरीवर पाय दिला. काकू म्हणाल्या, "माझा नातू तुझ्यापेक्षा लवकर चालायला लागला." मी चौथ्यांदा चादर उचलली.

शनिवारी दुपारी सहाशे चादरी ट्रॉल्यांत होत्या. मालकांनी खालून एक ओढून काढली, उलगडली, निरखली आणि तशीच माझ्या हातात दिली.

"घाल."

काकूंनी समोरचं टोक उचललं. झटका, कोपरा, चाल. माझ्या बाजूला बोटभर कमी पडलं. काकूंनी तिकडून हलकेच ओढून घेतलं आणि चेहऱ्यावर काहीही दाखवलं नाही. मालकांना सगळं दिसलं होतं.

"हॉस्पिटलचं सोमवारी कळेल," ते म्हणाले. "तू सातला ये. सुपरवायझर सगळ्यांच्या आधी येतो."

मी म्हणालो, "साडेसहाला येतो. माझा उजवा हात अजून कच्चा आहे."