डाळीपुरतं पाणी

झुलालनानांना तिसऱ्यांदा मुतखडा झाल्याचं कळलं, तेव्हा सारिकाचा आधी विश्वासच बसेना. पारोळ्याजवळच्या या खेड्यात पाण्याचा सार्वजनिक फिल्टर बसवण्यासाठी एका संस्थेतर्फे तिने तीन वर्षं देवपूरहून एसटीचे धक्के खाल्ले होते. ग्रामसभेत घसा बसेपर्यंत बोलली होती, जागेसाठी सरपंचाच्या हातापाया पडली होती. बोअरचं पाणी खारट, आणि गावात दर दोन घरांआड एक मुतखड्याचा पेशंट. नानांचं तर एक मूत्रपिंड कायमचं गेलेलं. उरलेलं सांभाळा, असं जळगावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आता रोज सकाळी फिल्टरवर हंड्यांची रांग लागत होती आणि नानांची बायको सुंदरबाई रांगेत पहिली असायची. मग खडा आला कुठून?

ती भर उन्हात त्यांच्या घरी धडकली. सुंदरबाईने काही न विचारता आधी ताट वाढलं. डाळ अगदी लोण्यासारखी मऊ होती.

"तुमनाच पानीनी किरपा, ताई," सुंदरबाई कौतुकाने म्हणाली. "बोरना पानीमा दाय शिजेच नही. आते दोन शिट्यामा शिजी जास. बठ्ठा गाव दायसाठेच लई जास."

सारिकाचा घास हातातच राहिला. "सगळं गाव फक्त डाळीसाठी नेतं? आणि प्यायला?"

"पेवाले बोरनंच. तुमनं पानी फिक्कं लागस. तान भागस नही."

तीन वर्षं! एकाने म्हणून वाद घातला नव्हता. मान डोलावण्यात सगळा गाव वस्ताद. आणि हंडा घरी गेल्यावर त्याचं काय होतं, हे या शहाणीने कधी विचारलंच नव्हतं. सारिकाला स्वतःचाच राग आला, आणि रागावण्याचाही कंटाळा आला. तरी तिने समोर खाटेवर बसलेल्या नानांना पुन्हा सगळं समजावलं. बोलताना आपलाच आवाज तिला नकोसा झाला.

"नाना, एकच उरलंय. ते गेलं तर आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर झोपावं लागेल."

नानांचा तिच्यावर जीव होता. पोरीचं मन मोडणं त्यांच्याच्याने होईना. त्यांनी बायकोकडून फिल्टरच्या हंड्यातलं ग्लासभर पाणी मागवलं, डोळे मिटले आणि काढा घ्यावा तसं एका दमात संपवलं.

"पिधं, ताई. तुमनासाठे."

मग तोंड वाकडं करत ते उठले आणि चव परत यावी म्हणून माठातलं बोअरचं पाणी तांब्याभर प्याले.