भिंतीपलीकडची झोप

शिंप्याची बायको गेल्यापासून त्याच्या लेकीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. म्हणून हल्ली रविवारी दुपारी तिची मैत्रीण यायला लागली आणि दोघी गाढ झोपायला लागल्या, तेव्हा त्याला हायसं वाटलं. पोरी झोपल्या की तो मशीन बंद ठेवून हातानं काजं करत बसायचा. गिऱ्हाईक मोठ्यानं बोललं तर ओठावर बोट ठेवायचा.

"परीक्षेत दिवे लावणार तुमची लेक," एकजणी म्हणाली.

"झोपू द्या हो. सोसलंय तिनं."

त्या रविवारी भिंतीपलीकडून घोरणं ऐकू आलं. लांबलेला श्वास, घरघर, मग बराच वेळ काहीच नाही. शिंप्याची सुई थांबली. दुखण्यावरच्या जालीम गोळ्या दिल्या की शेवटी शेवटी बायकोचा श्वास असाच चालायचा.

तो आत धावला. मैत्रीण उताणी पडली होती, ओठ निळे पडले होते. लेक भिंतीला टेकून पेंगत होती.

"काय घेतलंत?"

"काही नाही, बाबा. ती अशीच घोरते. डिझेल इंजिन म्हणतो आम्ही तिला."

"ही झोप मी पाहिलीय. बोल."

लेकीची जीभ जड झाली होती. "आईच्या गोळ्या."

फळीवरचा तिच्या गोळ्यांचा डबा शिंपी रोज पुसायचा. उघडत मात्र कधीच नव्हता.

त्यानं मैत्रिणीला कुशीवर वळवलं, हाका मारत राहिला. लेकीला अँब्युलन्सला फोन करून गोळीचं नाव वाचायला लावलं. अँब्युलन्समधल्या माणसानं इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे पोरीचा श्वास मोकळा झाला.

"वाचली," दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लेकीलाही तपासून बाकावर बसवलं होतं. व्हरांड्याच्या टोकाला मैत्रिणीची आई दिसली.

"बाबा," लेक कुजबुजली, "आईची आठवण यायची म्हणून घेतल्या, असं सांगू काकूंना?"

वाटेत सगळा वेळ त्यानंही मनाला हेच समजावलं होतं. "तसं होतं का?"

"नाही. मजा यायची. डोकं हलकं व्हायचं. शाळेत बरेचजण घेतात."



"मग तेच सांग. गोळ्या घरात मी ठेवल्या होत्या, ते मी सांगतो."

मैत्रिणीची आई समोर येऊन उभी राहिली. लेकीनं बापाची बाही धरली आणि बोलायला लागली.