नीलाबाईची थाळी

मी थाळी बोलतेय. जर्मनची. म्हणजे ॲल्युमिनियमची हो. आमच्या सावली तालुक्यात या धातूला सगळे जर्मनच म्हणतात. बुडाला पोचे आहेत आणि एका बाजूची कड घासून पातळ झाली आहे. दिसायला खास काही नाही. पण ऐकायला बसलाच आहात तर एक गोष्ट आधीच सांगून टाकते, हसू नका. मला खाज येते.

भांड्याला कसली आली खाज, असं म्हणाल. मलाही आधी तसंच वाटलं. पण जिच्यासाठी मला वेगळं काढलं होतं ती नीलाबाई गेली, आणि तिची खाज माझ्या कडेत राहिली. पावसाळी हवा पडली की ती जागी होते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पहिली आठवण आहे ती बाजारातली, ताडपत्रीवर रचलेल्या थाळ्यांच्या चळतीतली. बापूरावच्या बापाने आम्हाला एकदम घेतलं. त्यांचं गाव वैनगंगेच्या बाजूचं, धानाचं. कौलारू घर, मागे वाडी, वाडीत गुरांचा कोठा. संध्याकाळी घरात बुद्धवंदना व्हायची आणि मग जेवणं. जेवताना बापूरावचा बाप आपल्या लहानपणाची गोष्ट सांगायचा. चहाच्या टपरीवर त्यांच्या लोकांचा कप वेगळा असायचा, बाहेर खिळ्याला टांगलेला. आपणच उतरवायचा, पिऊन आपणच धुवायचा. "आता कोनाची हिंमत हाय का मले येगळा कप द्याची!" असं म्हणून तो मोठ्याने हसायचा. आम्हा थाळ्यांतही कोणती कोणाची असं काही नव्हतं. आज माझ्यात बाप जेवे, उद्या लेक.

नीलाबाई ही त्या घरची थोरली लेक, बापूरावची बहीण. तिला पोंभुर्ण्याकडे दिली होती. एका उन्हाळ्यात सासरच्यांनी तिला बैलगाडीत बसवून आणलं, दारात सोडलं आणि पाणीसुद्धा न पिता परत गेले. तिच्या हातांवर आणि पोटऱ्यांवर लाल चट्टे होते. त्यांतून पाणी सुटायचं, सुकलं की भेगा पडायच्या, आणि खाजवून खाजवून कातडी जाड, काळी झाली होती. जाताना सासरचे एकच शब्द टाकून गेले होते. महारोग.

आईने आपल्या परीने उपाय केले. कडुलिंबाचा पाला उकळून कढत कढत पाणी घातलं. मग कोणीतरी सांगितलं, बिब्ब्याचं तेल लाव, खाज मुळासकट जळते. जंगलातला बिब्बा अंगाला लागला की फोड उठतात, हे इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण खाजेने जीव नकोसा झालेल्या माणसाला पोळणंसुद्धा बरं वाटतं. नीलाबाईने हात पुढे केले. हात फोडांनी असे उतले की बघवेनात. ज्यांना नुसती शंका होती त्यांची मग खात्रीच झाली.

त्या दिवशी बापाने चळतीतून एक थाळी बाजूला काढली. ती मी. कपाची गोष्ट त्याने त्यानंतर कधीच सांगितली नाही.

कोठ्याला लागून एक लहानशी पडवी होती. तिथे नीलाबाईची बाज टाकली. बापूराव तेव्हा नुसता बापू होता, मिसरूड फुटत होतं. जेवण न्यायचं काम त्याचं. तो मला उंबऱ्याशी ठेवायचा आणि बांबूच्या काठीने आत ढकलायचा. ज्या बहिणीने त्याला कडेवर वागवलं तिच्याकडे तो मान वर करून बघत नसे. तीच उलट सांगायची, "दुरून बापू, दुरून. तुले लागन मा."

माझ्यात भात गरम असला की नीलाबाई बोटं मागे घ्यायची. "हाय बाप्पा, पोळलं नं!" म्हणून बोटांवर फुंकर मारायची. रोज माझ्यासमोर हे होत होतं, पण त्याचा अर्थ मला कळला नाही. मी पडले थाळी, मला कोण शिकवणार?

रक्त काढते म्हणून आईने तिची नखं दगडावर घासून बोथट केली होती. मग जेवण झालं की नीलाबाई मला पालथी करायची आणि माझी कड पोटरीवर फिरवायची. खर्र, खर्र. तिचे डोळे मिटायचे. तेवढा वेळ तिच्या तोंडावर जे सुख दिसायचं ते मी दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. पुढे रक्त यायचं आणि ती रडायची. सुख माझ्या कडेने, रडणंही माझ्याच कडेने. माझी कड पातळ झाली ती अशी.

ती गेली रोवण्याच्या दिवसांत. धानाचे पऱ्हे म्हणजे रोपं लावायची घाई, सगळं घर शेतात, बांधीतल्या चिखलात. बापूने सकाळी भात-वरण आत ढकललं, "उद्या जाऊ दवाखान्यात, बाई," म्हणाला आणि पळाला. नीलाबाईला ताप होता. तिचा हात माझ्याकडे येत होता, पण पोचत नव्हता. दुपारपर्यंत भाताला मुंग्या लागल्या. संध्याकाळी बापू चिखलाच्या पायांनी आला आणि बाहेरूनच म्हणाला, "बाई, जेवली नाई का?" पुन्हा एकदा हाक मारली. मग तिथेच मटकन खाली बसला.

मला राखेने घासलं आणि आढ्याच्या वाशात खोचून ठेवलं. फेकवत नव्हतं आणि वापरवतही नव्हतं. वरून मी सगळं बघत राहिले. बापूचा बापूराव झाला, मनकर्णा लग्न होऊन घरात आली, आईबाप गेले, अश्विन जन्मला, मोठा झाला, त्याची बायको म्हणून नूतन आली, त्यांना खुशबू झाली. नीलाबाईचं नाव मात्र घरात कोणी काढत नसे. पावसात बापूराव मागच्या दाराशी बसून कोठ्याकडे बघायचा.

"काय पाहून राह्यले जी?" मनकर्णा विचारायची.

"काई नाई. तुले काई आवाज आला का?"

"बैल खाजवत असन खांबाले."

बैल विकून बरीच वर्षं झाली होती. तो आवाज मलाही येत होता.

नूतन रोवण्याला जायची. दिवसभर हात चिखलात, घरी आली की साबण, राख, भांडी. एका पावसाळ्यात तिच्या बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ आलं, मग तळव्याला भेगा पडल्या. मीठ लागलं की ती कळवळायची. अश्विनने दुकानातून कसलीशी ट्यूब आणली. पंधरवडाभर हात लोण्यासारखे झाले, ट्यूब सोडली तसे दुपटीने फुटले. गावातल्या एका जेवणात नूतन वाढायला उभी राहिली, तेव्हा पुढच्या बाईने आपल्या पत्रावळीवर हात आडवा धरला. "माह्यं झालं वं पोट्टे," म्हणाली. तिचं काहीच झालं नव्हतं, पत्रावळ कोरी होती.

मनकर्णा घरी आली ती पांढरीफटक पडून. वाईट बाई नाही ती. पण सासूने एकदाच कानात सांगितलेलं तिच्या पोटात होतं. "नीलाबाईचंच आलं वं मा घरात!" असं म्हणत तिने खुशबूला स्वतःजवळ ओढलं. आता पोरीला तीच भरवणार होती, तीच जवळ निजवणार होती. मग स्टूल घेऊन चढली आणि वाशातून मला खाली काढलं.

"हे कोनाची थाळी, आत्याबाई?" नूतनने सासूला विचारलं.

मनकर्णाने तिच्याकडे बघितलं नाही. "तुही," म्हणाली.

नूतन स्वयंपाकघराबाहेर कोपऱ्यात बसली. आतून खुशबू आई आई करून रडत होती. नूतनने गरम भातात बोटं घातली आणि झटकन मागे घेतली. "हाय बाप्पा!" बोटांवर फुंकर मारली.

मी थरथरले. तीच फुंकर! नूतनच्या फुटलेल्या हातात मी नीट बसले नव्हतेच, निसटले आणि फरशीवर अशी आदळले की घर दणाणलं. समोर जेवत असलेल्या बापूरावने मान वर केली. मला खाली काढलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने मला ओळखलं. त्याच्या हातातला घास तसाच खाली पडला.

"अश्विन, गाडी काढ. गडचिरोलीले जाऊ."

"आता? उद्या जाऊ नं बाबा."

"त्या येळी बी मी उद्याच म्हटलो होतो," बापूराव म्हणाला आणि उष्ट्या हातानेच उठला.

परत आल्यावर नूतनने मनकर्णाला जे सांगितलं ते मी मोरीतून ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे मिटायला लावले आणि चट्ट्यांवर कापूस फिरवला. जिथे जिथे फिरवला तिथे तिथे नूतनला कळलं. हा एक्झिमा आहे म्हणाल्या. "लागत नाई म्हने कोनाले. पोरीले खुशाल जवळ घे म्हने. आन महारोग असता तरी थाळी येगळी कराची नसते, त्याच्या गोळ्या भेटते फुकट." दुकानातली ट्यूब आपल्या मनाने लावायची नाही, लिहून दिलेलं मलमच लावायचं. कढत पाणी नको, साबण कमी. हात धुतले की टिपायचे, घासायचे नाहीत, आणि ओले आहेत तोवर व्हॅसलीन चोपडायचं. चिखलात जाताना आत सुती आणि वरून रबरी हातमोजे. पुरतं जाणार नाही, येत-जात राहील, पण आवरता येतं.

मग सासऱ्याचं सांगताना नूतनचा आवाज खाली आला. "मामाजीनं एकच गोष्ट विचारली, आत्याबाई. महारोग खाजवते का? डॉक्टरीणबाई म्हने, त्याचा चट्टा बधिर असते, सहसा नाई खाजवत, तिथी पोळलं तरी समजत नाई. मामाजी म्हने, आमच्या बाईले तं गरम भात पोळत होता. अख्खा रस्ता तेच म्हनत होते."

मनकर्णाने बापूरावचं जुनं धोतर फाडलं आणि रात्रीसाठी, चिखलासाठी हाताच्या पिशव्या शिवल्या. शिवताना डोळे पुसत होती. बांधीत बायांनी नूतनला बघून खिदळून घेतलं, "काऊन वं, धानाचं आपरेशन कराले आली का?" नूतनही हसली. हात हळूहळू मऊ पडले. खुशबू पुन्हा तिच्या कुशीत निजू लागली.

मनकर्णाने मला भंगारवाल्याच्या तराजूत टाकलं. मला तर बरंच वाटलं, वितळेन एकदाची, ही खाज तरी जाईल. पण बापूरावने मला तराजूतून उचलून घेतलं. त्या दिवसापासून तो माझ्यातच जेवू लागला. वाढून घ्यायचा, मागच्या दाराशी बसायचा आणि पहिल्या घासाआधी कोठ्याकडे बघत राहायचा. ओठ हलायचे. "बाई," असं म्हणायचा, मला ऐकू यायचं.

"आपल्यात मेलेल्यायले पान वाढत नाई जी," मनकर्णा एकदा भीत भीत बोलली.

"मेलेल्याले कुठी वाढून राह्यलो? मीच तं जेवतो."

पण तो जेवत नव्हता. भात चिवडायचा. मला वाटायचं, सोड रे बाबा आता मला. तू असा बसलास म्हणून काही ती दारातून यायची नाही.

पुढच्या रोवण्यात नूतनचे हातमोजे फाटले. पाणी उतरत होतं, पऱ्हे वाळत होते, काम थांबवता येईना. ती उघड्या हातांनी राबली. हात पुन्हा फुटले, आधीपेक्षाही वाईट. घरात कोणी तिला बोल लावला नाही. मनकर्णाने व्हॅसलीनची डबी पुढे ठेवली, एवढंच. पण दुपारी नूतनने आपण होऊन मला उचललं, भात वाढून घेतला आणि मागच्या वाडीतून थेट कोठ्याच्या पडवीत जाऊन बसली. आता तिथे सरपण ठेवतात. तिला जा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, आणि मला भीती वाटली ती त्याचीच. नीलाबाईला निदान ढकलावं लागलं होतं.

भात निवत चालला. नूतन जेवत नव्हती, नुसती हात खाजवत होती. खर्र, खर्र.

बापूराव बांधीतून आला. आवाज ऐकून जागच्या जागी थबकला. क्षणभर मला वाटलं, हा आता पळून जाईल. मग तो पडवीत शिरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सरपण बाजूला सारून नूतनसमोर बसला आणि मला दोघांच्या मधे ओढलं.

"मामाजी, दूर सरा नं. हात पहा माह्ये."

"पाहून राह्यलो. जेव."

"तुमाले येगळं आनते मी वाढून."

"येगळं नको," बापूराव म्हणाला, आणि तिच्या बाजूच्या भातात हात घालून घास घेतला. तोंडात घास, डोळ्यांत पाणी, आणि म्हणतो कसा, "मीठ कमी हाय वं."

नूतन हसली आणि हुंदका देऊन रडली. मग तिनेही हात घातला.

मनकर्णा त्यांना शोधत आली नि दाराशीच थिजली. "अगं मा! सासरा-सून एका थाळीत! लोक काय म्हनतीन जी?"

"लोकायले म्हनाव, जेवाले या," बापूराव म्हणाला. "आन तू उभी काऊन? भात आन अजून, पुरत नाई."

तर अशी माझी कथा. आता मला भंगारात द्या की चुलीजवळ ठेवा, माझी ना नाही. एवढंच सांगून निरोप घेते. घरात कोणा लेकीसुनेच्या अंगावर काही उठलं आणि भीतीने तुमचा हात एखादं भांडं बाजूला काढायला गेला, तर आधी तिला दवाखान्यात न्या, उद्यावर टाकू नका. आणि डॉक्टर काहीही सांगोत, घरी आल्यावर तिच्या जवळ बसून जेवा.