गुरुवारचे सहा पाहुणे

आठवं बटण दाबताना मीटरवाल्याचा अंगठा जरा अडखळला. घड्याळात बरोब्बर सात वाजले होते. टीव्हीखालच्या डबीवर आठ हिरवे दिवे लागले, म्हणजे डबीच्या मते त्या दीड खोलीत आता आठ माणसं टीव्ही बघत होती. प्रत्यक्षात पलंगावर उशीला टेकून बायको होती आणि खुर्चीत तो. उरलेले सहा जण त्याने मनानेच बोलावले होते.

ही डबी वर्षापूर्वी एका कंपनीने बसवली होती. कोण काय बघतं ते मोजायचं तिचं काम. बघायला बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. एक नंबर त्याचा, दोन बायकोचा, पुढचे सहा आल्यागेल्याचे, त्यांचं वय आणि बाई की पुरुष तेही भरायचं. आणि आपल्या घरी डबी आहे हे कुणाला सांगायचं नाही, ही अट. जन्मभर दारोदार फिरून पाण्याचे मीटर वाचणाऱ्याच्या घरात आता त्याच्यावरच मीटर बसला, याची सुरुवातीला त्याला मोठी गंमत वाटली होती. बायकोचं बटणही तोच दाबायचा.

गंमत संपली ती महिन्यापूर्वी, भाची आली त्या दिवशी.

"मामा, 'परतीचं अंतर' बंद करतायत," भाची म्हणाली होती. दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घेणारी ही मुलगी त्या मालिकेपायी पार वेडी झालेली. "आम्ही तीन हजार सह्या पाठवल्या, पत्रं पाठवली. काही उपयोग नाही. म्हणे बघणारेच कमी आहेत. कुणाकुणाच्या घरी मोजायच्या डब्या असतात म्हणे, एकेक माणूस दहा हजारांच्या जागी धरतात. असं एखादं घर सापडलं ना, तर पाय धरीन मी त्यांचे."

मामाने डबी झाकायला टाकलेला रुमाल उगाचच सरळ केला. भाची गेल्यावर त्याने मनात गुणाकार केला. सहा पाहुणे, साठ हजार माणसं. त्याला दरदरून घाम फुटला.

आता एवढा घाम फुटायचं कारण काय, तर मालिका त्याला आवडत होती म्हणून नव्हे. छे, त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एक यान होतं, ते घरी परत निघालेलं. त्यात एक तरुण बाई होती आणि पृथ्वीवर तिची वाट बघणारी एक म्हातारी. चाळीस गुरुवार बघूनही त्याचा गोंधळ तसाच.

"अगं, ही म्हातारी कोण?" तो विचारायचा.

"मुलगी," बायको म्हणायची.

"आणि ही यानातली?"

"तिची आई. ती वेगात होती. वेगात असलं की वेळ कमी जातो. साधं गणित आहे."

साधं कसलं डोंबल्याचं? पण बायकोने शाळेत अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलेलं. दोन वर्षांपूर्वी झटका आला. हात सावरला, पाय सावरला, बोलणं मात्र आटलं. डॉक्टर म्हणाले, वाचा गेलेली नाही, इच्छा गेली आहे. हो, नको, पुरे, दिवसभरात एवढंच. फक्त गुरुवारी सात ते आठ ती अख्खी वाक्यं बोलायची. म्हणून तो दर गुरुवारी तोच प्रश्न विचारायचा, आणि त्या चार वाक्यांवर पुढचे सात दिवस काढायचा. मालिका बंद पडली तर हे घर कायमचं मुकं होईल. मग त्याने पाहुणे बोलावले. एकतीस वर्षांच्या नोकरीत कुणाचा एक आकडा न बदललेला माणूस, आणि आज सलग चौथ्या गुरुवारी ही चोरी.

सात वाजून पाच मिनिटांनी बेल वाजली.

दारात चाळिशीचा एक माणूस होता. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, खांद्याला पिशवी. तो आत आला, त्याने पलंगाकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, मग डबीकडे.

"काका, बाकीचे कुठे आहेत?"

"येतीलच इतक्यात."

"दिवे आधीच आलेत त्यांचे," माणूस म्हणाला. तो रागावलेला नव्हता, दमलेला दिसत होता. "सहा पाहुणे, सगळे पुरुष, सगळ्यांचं वय साठ. बरोबर सातला येतात आणि आठच्या ठोक्याला सहाही जण एकदम उठतात. माणसं अशी उठत नाहीत हो. कुणी चपला शोधतं, कुणी जाता जाता पाणी मागतं."

मीटरवाला खाली बसला. हे त्याला कळायला नको होतं का? लोहचुंबक लावून मीटर अडवणाऱ्यांना तो असाच तर पकडायचा. चोरीचा आकडा नेहमी फार सरळ येतो. माणूस पाणीसुद्धा वाकडंतिकडंच वापरतो. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा त्याने घड्याळ लावून खोटेपणा केला होता.

"खोटे सहा काढून टाका," तो म्हणाला. "आम्ही दोघं खरे आहोत."

"तसं वेगळं काढता येत नाही. चार आठवड्यांची तुमची सगळी नोंद रद्द. डबीही न्यायची." माणसाने वायर काढली. आठही दिवे विझले, टीव्ही चालूच होता.

"आणि मालिका?"

"तिचा निकाल कालच लागला. पुढच्या गुरुवारी शेवटचा भाग. तुमच्यामुळे काही फरक पडला नसता. म्हणजे, पडलाही असता. खरं सांगू का, ते आम्हांलाही कळत नाही."

मीटरवाल्याला हसावं की रडावं ते समजेना. वाचवायला गेला आणि घरातले दोन खरे बघणारेही घालवून बसला.

माणसाने पिशवीतून एक कागद काढला. "एवढं भरू या. घरात प्रत्यक्ष बघणारे किती?"

"दोन."

माणसाने पलंगाकडे नजर टाकली. बायको एकटक समोर बघत होती, पापणीही हलत नव्हती. त्याने आवाज खाली आणला. "काकू बघतात, की नुसत्या बसतात? राग मानू नका, विचारावं लागतं."

मीटरवाला तरी काय सांगणार? ती खरंच यानाच्या मागे असते, की समोर काहीतरी हलतं म्हणून बघत राहते? इतके गुरुवार हाच प्रश्न तो स्वतःपासून लपवत आला होता.

"मधून बाजूला व्हा," बायको म्हणाली. "दिसत नाही."

माणूस दचकून सरकला.

"उभे का? बसा. ती यानातली आई. ही म्हातारी तिची मुलगी."

माणूस स्टुलावर बसला. थोडा वेळ त्याने बघितलं आणि मग कपाळाला आठी घालून विचारलं, "मग आई परत आल्यावर मुलीला ओळखेल कशी?"

बायकोची मान वळली. वर्गात मागच्या बाकावरून नेमका प्रश्न यावा, तसं तिने त्याच्याकडे बघितलं. "तेच तर. ओळखायचं कशावरून? चेहऱ्यावरून नाही जमणार. मला वाटतं, आवाजावरून."

मीटरवाला ऐकतच राहिला. चाळीस गुरुवारांत हा प्रश्न त्याला सुचला नव्हता. त्या परक्या माणसाचा त्याला थोडा हेवा वाटला आणि आनंद इतका झाला की त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले.

जाहिराती लागल्या. "काका, तुम्हांला काय वाटतं?" माणसाने विचारलं.

"त्यांना नका विचारू," बायको म्हणाली. "ते बघत नाहीत."

"मग काय करतात?"

"माझ्याकडे बघत बसतात. दर गुरुवारी तेच विचारतात. मीही तेच सांगते."

मीटरवाल्याचे कान तापले. माणसाने मान खाली घालून पेन उघडलं.

"एक लिहा," मीटरवाला म्हणाला.

"काका, हा कागद कुणी वाचत नाही. दोन लिहितो."

"बघणारी एकच आहे. एक लिहा."

माणसाने एक लिहिलं. मीटरवाल्याने खिशातून चष्मा काढून लावला, आकडा नीट बघितला आणि खाली सही केली.