दुसऱ्या बसचा थांबा

आमच्या लाँड्रीचा एक नियम आहे. गिऱ्हाइकाच्या खिशात जे सापडेल ते तपकिरी पाकिटात घालायचं, पाकीट टाचणीनं त्याच कपड्याला लावायचं आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. बावीस वर्षं मी तो पाळलाय. लोकांच्या खिशांत काय काय निघतं ते ऐकलंत तर तोंडात बोट घालाल, पण ऐकायला मिळणार नाही. ही एकच गोष्ट सांगते आहे, तीसुद्धा ज्यांचे खिसे त्यांना विचारून.

इस्त्रीच्या टेबलाशी माझा धाकटा भाऊ असतो. वय त्रेचाळीस, डोक्यावर केस नावाला, तरी सगळी गल्ली त्याला बारक्या म्हणते. त्यानं घातलेली बाहीची घडी आठवडाभर मोडत नाही. पण माझ्याकडे येण्याआधी त्याला मशीनचा नाद होता. बटण दाबलं की चित्रं गरगर फिरतात, ती जुगाराची मशीनं. त्या नादात नोकरी गेली, घर गेलं आणि शेवटी माझी भावजय लेकीला घेऊन माहेरी गेली. जाताना मला म्हणाली, "वन्सं, एक वर्ष. वर्षभर हा मशीनला शिवला नाही तर मी परत येते. एक दिवस कमी चालणार नाही." गल्लीत आम्ही सांगितलं, ती आईच्या आजारपणासाठी गेली आहे.

ही मशीनं आमच्या गावात नाहीत. मोठ्या शहरात आहेत आणि तिथं जायला दोन बस लागतात. पहिली आमच्या कोपऱ्यावरून पुलापर्यंत. तिथं उतरायचं आणि दुसरीची चाळीस मिनिटं वाट बघायची. थांब्यावर एक सिमेंटचा बाक, समोर कारखान्याची लांबलचक भिंत. बघायला काही नाही. बारक्या त्या वर्षात पाच वेळा घरातून निघाला आणि पाची वेळा पुलावरून परत आला.

"बाकावर बसलं ना ताई, की पंधरा मिनिटं हात शिवशिवतात," तो म्हणायचा. "मग पायाला मुंग्या येतात. मग भूक लागते. मग वाटतं, घरी जाऊ."

धुवायला टाकलेल्या त्याच्या शर्टात तिकिटं सापडायची. पुलापर्यंतचं एक, परतीचं एक. मीही ती पाकिटात घालून त्याच्याच शर्टाला लावायची. नियम म्हणजे नियम.

वर्ष भरायला पाच आठवडे उरले होते, तेव्हा नगरपालिकेनं फळ्यावर नोटीस लावली. आमच्या दुकानासमोर जुन्या वजनकाट्याची इमारत आहे, पालिकेच्या मालकीची, कित्येक वर्षं कुलूपबंद. ती एका कंपनीला भाड्यानं द्यायची. कंपनी तिथं चाळीस मशीनं बसवणार, नाव 'मनोरंजन केंद्र', आणि कमाईतला वाटा पालिकेला देणार. त्या पैशात खालच्या गल्लीचं गटार नवं होणार. घरपट्टीत एका पैशाची वाढ नाही.

गटार हवं होतं, हे मीच सगळ्यांत आधी कबूल करीन. पाऊस जरा जोराचा झाला की माझ्या दुकानाच्या मोरीतून पाणी उलटं वर येतं, आणि काय घेऊन येतं ते धुतलेल्या चादरींसमोर सांगू नये.

शेजारचा केशकर्तनालयवाला नोटीस वाचून कात्री हातात घेऊनच माझ्या दारात आला.

"वहिनी, लॉटरी लागली! गटार फुकट!"

"फुकट कसं? कोणीतरी भरणारच ना पैसे."

"जुगारी भरतील. आपल्या बापाचं काय जातंय?"

"आणि जुगारी कुठून आणणार? बाहेरगावहून मागवणार?"

"तुमचं आपलं काहीतरीच," असं म्हणून तो गेला, कारण त्याच्या खुर्चीत एक माणूस अर्ध्या दाढीनिशी बसला होता.

मी वळून बघितलं. बारक्या खिडकीतून समोरच्या कुलुपाकडे बघत उभा होता आणि हातातली इस्त्री शर्टावर तशीच टेकलेली होती. कॉलर जळल्याचा वास आला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

"किती पावलं असतील गं ताई?" त्यानं विचारलं.

"मोजू नकोस," मी म्हटलं. पण मी मोजली होती. एकोणीस.

दुसऱ्या दिवशी पालिकेत गेले. हरकती ऐकण्यासाठी सभा होती आणि बोलायचं असेल त्यानं खिडकीवर नाव नोंदवायचं होतं. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "विषय?"

"माझी घरपट्टी वाढवा."

त्यानं आता मान वर केली. "कमी करा, असं म्हणायचंय का?"

"वाढवा."

"बाई, त्याला रकाना नाही."

"मग पाडा एक."

शेवटी त्यानं 'इतर'मध्ये लिहिलं, मला अकरावा नंबर दिला आणि बजावलं, "तीन मिनिटं. घंटा वाजली की बसायचं."

तीन मिनिटं म्हणजे बारक्याचा एक शर्ट. तो शर्ट टेबलावर टाकायचा आणि मी भाषण सुरू करायची. तो हँगरला अडकवेपर्यंत संपलं तर ठीक. पहिल्या दिवशी माझी नुसती गटाराची तक्रार होईपर्यंत त्याचे दोन शर्ट झाले. मग एकेक वाक्य छाटलं. कर कोणालाच आवडत नाही, मलाही नाही. पण मशीनवाले देणार तोही करच आहे, फक्त तो घरावर न बसता कोणाच्यातरी पगाराच्या पाकिटावर बसतो, आणि ज्याच्यावर बसतो त्याच्या घरी पावती येत नाही, भांडण येतं. गटार अख्ख्या गल्लीचं आहे, तर पैसे अख्ख्या गल्लीनं द्यावेत. माझ्या वाट्याला किती येतं ते मी काढलंय: आठवड्याला दोन शर्ट जास्त. मी करीन.

"कोण करील?" बारक्या म्हणाला. "इस्त्री माझ्या हातात आहे."

"तू करशील."

"मग ठीक. आणि माझं काय सांगणार आहेस त्यात?"

"काहीच नाही. तुझा खिसा तुझा."

शर्ट हँगरला अडकवला आणि दुसरा घेतला.

आता नगराध्यक्षांचं सांगते. त्यांचा काळा कोट दर शुक्रवारी माझ्याकडे यायचा. आतल्या खिशात सहा-सात महिने एकसारखं निघत होतं: गुरुवारची तिकिटं, पुलापर्यंतचं आणि पुलापासून पुढचं, आणि कधीकधी मशीनचं एखादं पितळी टोकन. त्यांची गाडी गुरुवारी घरासमोर उभी असायची. लोकांना वाटायचं, साहेब घरी आहेत. साहेब बसनं जायचे. मी पाकिटात घालायची, टाचणी लावायची. सभा जवळ आली तशी त्या पाकिटाकडे माझी नजर जरा जास्त वेळ रेंगाळायला लागली, हे खोटं कशाला सांगू? एक चिमटा काढला असता तर काम झालं असतं. पण मग उद्यापासून या गावात कोण मला खिशासकट कपडे देईल? आणि बारक्याच्या खिशाला तरी मी काय तोंड दाखवू?

सभेच्या दिवशी साहेबांचा कोट दुपारी पोचवायचा होता. माझं भाषण चुरगळू नये म्हणून मी ते दुकानातल्याच एका तपकिरी पाकिटात घालून टेबलावर ठेवलं, साहेबांच्या टाचणी लावायच्या राहिलेल्या पाकिटाशेजारी. बारक्यानं घाईत पाकीट उचललं, कोटाला लावलं आणि कोट देऊन आला. टेबलावर उरलेलं पाकीट मी पिशवीत टाकलं आणि आम्ही दोघं सभेला गेलो.

सभागृह भरलं होतं. समोर लांब टेबलामागे सात सभासद, मध्ये साहेब, काळ्या कोटात. कंपनीचा माणूस गुळगुळीत बोलला. त्याच्या बोलण्यात 'जुगार' हा शब्द एकदाही आला नाही. मग एकेक नंबर. गटार, गटार, घरपट्टी नको, गटार. अकरावा पुकारला तसा मी उठले, माईकपाशी गेले आणि पाकीट उघडलं.

आत दोन तिकिटं आणि एक टोकन.

वर बघितलं तर साहेब माझ्याकडेच बघत होते, पांढऱ्याफटक चेहऱ्यानं. त्यांनी त्यांच्याकडचं पाकीट आधीच उघडलं असणार. आपलं कुठं गेलं असेल हे त्यांना तेव्हाच कळलं असेल.

"बाई, वेळ चालू आहे," कारकून म्हणाला.

मी माईक सोडला आणि सरळ टेबलाशी गेले. सभागृहात कुजबुज. पाकिटाचं तोंड दुमडलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

"साहेब, आमच्या दुकानाची चूक झाली," मी हळूच म्हटलं. "हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, उद्याही सांगणार नाही. तुम्हाला हवं तिकडे मत द्या. मला माझा कागद द्या."

त्यांनी आतल्या खिशातून पाकीट काढून दिलं.

मी परत येऊन वाचायला लागले. गटार झालं, कर झाला. 'माझी घरपट्टी वाढवा' म्हटल्यावर मागून हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "तुमची वाढवा, आमची नको!" मी म्हटलं, "पाणी तुमच्या मोरीतून येतं तेव्हा मला हाक मारता ना? मग पैसे द्यायलाही या."

तेवढ्यात केशकर्तनालयवाला उभा राहिला. "वहिनी, उगाच बागुलबुवा दाखवू नका! आपल्या गल्लीत जुगारी आहेच कोण? एक माणूस दाखवा!"

कागदावर याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं, दोन होती, आणि दोन्ही माझी नव्हती. घड्याळाचा काटा सरकत होता.

"मी आहे."

तिसऱ्या रांगेत बारक्या उभा होता. हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर, घट्ट धरलेले.

"मी आहे जुगारी. बायको आईच्या आजारपणाला गेलेली नाही, माझ्यामुळे गेली. अकरा महिने मी मशीनला हात लावला नाही. त्यात माझं मोठं काही नाही. पुलावर दुसऱ्या बसला चाळीस मिनिटं लागतात, म्हणून. तेवढ्या वेळात माणूस माघारी फिरू शकतो. वजनकाट्यापर्यंत मला एकोणीस पावलं आहेत. एकोणीस पावलांत नाही फिरता येत. मी बघितलंय मनात, रोज बघतो. एवढंच."

घंटा वाजली. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

केशकर्तनालयवाला तसाच उभा होता, तोंड उघडं. मग म्हणाला, "अरे बारक्या, दर रविवारी माझ्या खुर्चीत बसतोस..." आणि खाली बसला.

मतदान झालं. तीन कंपनीच्या बाजूनं, तीन विरुद्ध, सातवं मत साहेबांचं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "प्रस्ताव नामंजूर," म्हणाले. "घरपट्टीवाढीचा प्रस्ताव पुढच्या बैठकीत घ्या." पाकीट उचललं, खिशात घातलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

परत येताना बारक्या म्हणाला, "ताई, तू त्यांना धमकी दिलीस काय गं?"

"मी पाकीट परत केलं."

"तेच विचारतोय."

मला रात्रभर ते टोचत राहिलं. मी म्हटलं होतं, हवं तिकडे मत द्या. पण भरसभेत पाकीट पुढं केल्यावर माणसाला तसं ऐकू आलं असेल का?

शुक्रवारी कोट आला नाही. पुढच्या शुक्रवारी साहेब स्वतः घेऊन आले. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. कोट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाई, मत मी तुमच्या पाकिटाला भिऊन दिलं नाही. माझ्या पाकिटात तुमचा कागद निघाला तेव्हा भिऊन द्यायचं ठरवूनच सभेला आलो होतो, ते वेगळं. तुमच्या भावानं सोपं केलं." मग इस्त्रीच्या टेबलाकडे वळले. "का हो, त्या बाकावर किती वेळ बसायचं असतं?"

बारक्यानं इस्त्री उभी ठेवली. "बस निघून जाईपर्यंत, साहेब."

घरपट्टी वाढली. केशकर्तनालयवाला महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही, पण टॉवेल मात्र माझ्याकडेच धुवायला टाकत राहिला. गल्ली खणली गेली, दारासमोर मातीचे ढीग आले आणि बारक्या आठवड्याला दोन शर्ट जास्त करायला लागला. मोजून दोन. तिसरा दिला तर म्हणायचा, "हा कुठल्या करात?"

वर्ष भरलं त्या सकाळी तो स्वतः इस्त्री केलेला शर्ट घालून पुलावर गेला. भावजयीच्या माहेराहून येणारी बस तिथंच सोडते. त्या दिवशीही तो बाकावर चाळीस मिनिटं बसला असणार, मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी तो शर्ट धुवायला आला. खिशात चार तिकिटं होती: जातानाचं एक, येतानाची तीन, त्यातलं एक अर्धं. मी ती पाकिटात घातली आणि टाचणी लावली.