शेखरभाऊंची सही

नोटाबंदीनंतरच्या साली तूर बेफाम पिकली. भाव नव्हता, रांग मात्र होती. अकोल्याच्या एका खरेदी केंद्रावर ट्रॅक्टर मुक्कामाला येऊ लागले, म्हणून तिथं रोजंदारीवर असलेल्या भातकुलीच्या शाकीबनं पॉवरशेलमध्ये एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकानं ओळीनं पाळायच्या आज्ञांची फाइल, लिहिली. कोणी कोणत्या दिवशी माल आणायचा, याचे मेसेज ती आपोआप पाठवायची. याच्या जोरावर तुले पक्की नोकरी लावून देतो, असं केंद्राचे संगणक प्रमुख शेखरभाऊ चहा पिता पिता सांगत आले होते. चहा शाकीब पाजायचा.

नोकरीचं ठरवणारे साहेब पाहणीला येणार त्याच्या आदल्या दिवशी शेखरभाऊ म्हणाले, "कोणीबी येऊन कायबी चालवीन. सही असलेल्याच स्क्रिप्टा चालल्या पायजे. आता माही सही टाकू, तुही मंग पाहू."

आपण काय वेगळे आहो काय, असं म्हणत शाकीबनं बिनसहीचं काही चालवू नको ही आज्ञा मशीनला स्वतःच्या हातानं टाइप करून दिली. ही सही म्हणजे फाइलच्या शेवटी चिकटवलेलं अक्षरांचं भेंडोळं. आत एक अक्षर बदललं, की ती बाद.

साहेब खुर्चीत बसले आणि शाकीबच्या ध्यानात आलं, की उद्याची सुट्टी वगळायची राहिली. लोक माल घेऊन बंद फाटकावर येतील. त्यानं एक ओळ सुधारली, एंटर दाबलं. लाल अक्षरांत उत्तर आलं: सही जुळत नाही, चालवणार नाही. लिहिणारा समोरच बसलाय, याचं मशीनला सोयरसुतक नव्हतं.

त्यानं शेखरभाऊंकडं पाहिलं. पुन्हा सही टाकायला कितीसा वेळ लागतो. शेखरभाऊ साहेबांना सांगत होते, की माझं काम नीट होतं, या पोरानं हात लावला.

मग शाकीबनं ती बंदी टाळून स्क्रिप्ट चालवली. ती युक्ती इंटरनेटवर कोणालाही सापडते. मेसेज गेले, बरोबर तारखेचे.

"पाहा साहेब," शेखरभाऊ शांतपणे म्हणाले, "हा कुलूप तोडते. अशाले मशीनवर कसं बसवावं?"

सगळ्या प्रकारातलं साहेबांना कुलूप तेवढं समजलं. दुसरं कोणी आहे का, त्यांनी विचारलं. होता. शेखरभाऊंचा मेहुणा होता, आणि नेमका व्हरांड्यात उभा होता.

"शेखरभाऊ," शाकीब उठत म्हणाला, "तुमी म्हटलं म्हणून कुलूप मीच लावलं होतं ना?"

"म्हणूनच तर तुले तोडता आलं."

शाकीब दाराबाहेर पडेपर्यंत शेखरभाऊंनी त्या सुधारलेल्या फाइलवर आपली सही टाकलीसुद्धा.